‘बाउंड’ म्हणजे नेमकं कशाने बांधलेलं?

दर रविवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी दहा-बारा मुलामुलींबरोबर इंग्रजी वाचत बसते. सगळे मराठी शाळेतून आलेले, कुणी नोकरीला लागलेले, कुणी लागू पाहणारे. मागच्या पावसाळ्यात त्यातला एक जण नेमणुकीचं पत्र घेऊन आला. मालवाहतुकीच्या कंपनीत कारकुनाची जागा होती. पत्र चांगलं चार पानी, आणि एका ओळीखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती: ‘यू आर बाउंड टू सर्व्ह द कंपनी फॉर ट्वेन्टी-फोर मन्थ्स.’

"म्हणजे दोन वर्षं मला नक्की ठेवणार, असंच ना ताई?"

अर्थ नेमका उलटा होता. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, असं कंपनी त्याच्याकडून लिहून घेत होती. पण त्याची चूक मला आवडली, कारण ती विचार करून झालेली होती. आदल्याच रविवारी आम्ही ‘इट इज बाउंड टू रेन’ हे वाक्य वाचलं होतं आणि मी फळ्यावर ‘पाऊस पडणारच’ असं लिहिलं होतं. ‘बाउंड टू’ म्हणजे ‘होणारच’, एवढं त्याने पक्कं धरलं होतं. त्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर कामाचं स्वरूप दिलं होतं: ‘सोलापूर-बाउंड’ गाड्यांची नोंद ठेवणं. तिथे मात्र त्याने शब्दकोश उघडला आणि ‘सोलापूरला बांधलेल्या गाड्या’ असा अर्थ लावला.

भाषांतराच्या कामात हा शब्द मला जवळजवळ रोज भेटतो. मराठी माणसाला याच्याइतका जवळचा इंग्रजी शब्द क्वचित सापडेल, आणि तरीही तो आपण ‘बाउंड म्हणजे बांधलेला’ असा घोकून सोडून देतो, याची मला हळहळ वाटते. म्हणून जरा बैजवार सांगते.

‘बाइंड’ म्हणजे बांधणे. त्याचा भूतकाळ ‘बाउंड’, आणि ‘बांधलेला’ यालाही ‘बाउंड’च. ‘बाइंडेड’ असं रूप नाही. मुलं हमखास तसं लिहितात. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘बिंडान’ असं होतं आणि बांधलेल्याला ‘गेबुंडेन’ म्हणत. त्यातला ‘बुंडेन’ आजही एका जागी तग धरून आहे: ‘बाउंडन ड्यूटी’, म्हणजे टाळता न येणारं कर्तव्य.

आता ‘बिंडान’ आणि ‘बंधन’ हे दोन शब्द शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा. हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतातला ‘बन्ध्’ धातू आणि इंग्रजीतला ‘बाइंड’ ही एकाच प्राचीन मुळाची लेकरं आहेत. भाषाशास्त्रज्ञ ते मूळ ‘भेन्ध्’ असं मांडतात.

इथे चौकस वाचक अडेल. संस्कृतात जिथे भ असतो तिथे इंग्रजीत ब येतो: भ्राता आणि ब्रदर, भ्रू आणि ब्राउ. जिथे ध, तिथे ड: विधवा आणि विडो. मग ‘बाइंड’च्या समोर संस्कृतात ‘भन्ध्’ हवा होता, ‘बन्ध्’ कसा? याचा उलगडा हर्मन ग्रासमान या जर्मन विद्वानाने १८६३ मध्ये केला. लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण आले, म्हणजे ख, घ, ध, भ यांसारखे जोराच्या श्वासाचे वर्ण आले, तर संस्कृत पहिल्याचा श्वास काढून घेते. ‘भन्ध्’मध्ये भ आणि ध दोघेही श्वासाचे, म्हणून भचा ब झाला. याची खूण संस्कृतातच शिल्लक आहे. याच धातूच्या भविष्यकाळात धचा त होतो, दुसरा श्वास जातो, आणि लगेच पहिला परत येतो: ‘भन्त्स्यति’, तो बांधेल. पाणिनीने या बदलाचा नियम दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सूत्रात घालून ठेवला आहे. शब्दाच्या पोटात दडलेला श्वास असा परत येताना दिसला की मला अजूनही आनंद होतो.

या ‘बन्ध्’ने मराठीत केवढा संसार थाटलाय! बांधणे, बांध, बंधारा, बंधन ही उघड दिसणारी मंडळी. संबंध, प्रबंध, निबंध हे जरा आडून आलेले. ‘बंधू’ही त्यातलाच, नात्याने बांधलेला तो बंधू. ‘ऋणानुबंध’ या शब्दाचं भाषांतर मला आजवर मनासारखं जमलेलं नाही, पण त्याच्या पोटात ‘बाउंड’चं मूळ आहे एवढं खरं.

दुसरी शाखा फारसीतून आली. फारसीत ‘बस्तन’ म्हणजे बांधणं, आणि त्याचंच ‘बंद’. दार बंद, बाजार बंद, नाकाबंदी, संचारबंदी, २०२० मध्ये आपण सगळ्यांनी अनुभवलेली टाळेबंदी, हे सगळे त्या घरचे. गणपतीत चौकाचौकांत दिसणारा पोलीस बंदोबस्त म्हणजे फारसीत ‘बंद-ओ-बस्त’, एकच क्रियापद दोनदा. आणि ‘बस्ता’. फारसीत ‘बस्ता’ म्हणजे बांधलेलं, बांधलेलं गाठोडं. शब्दाला शब्द लावायचा तर इंग्रजीतलं ‘बाउंड’.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही अकरा माणसं गेलो होतो. दुकानात गाद्यांवर बैठक, मध्ये साड्यांचा ढीग, दोन्हीकडच्या बायका पदर बोटांत चोळून बघताहेत, पुरुष टॉवेल-टोप्यांची मोजदाद करताहेत. दुपार कलली तेव्हा दुकानदाराने पांढरंशुभ्र कापड पसरलं, शालू सगळ्यांत वर ठेवला, चारी टोकं उचलून घट्ट गाठ मारली आणि माझ्या आईला म्हणाला, "घ्या वहिनी, हळदकुंकू वाहा." तोवर दोन्ही घरं जरा अवघडून बोलत होती. गाठीवर हळदकुंकू पडलं आणि चहाबरोबर चेष्टामस्करी सुरू झाली. पुढे कित्येक वर्षांनी ‘बस्ता’ आणि ‘बाउंड’ एका रक्ताचे आहेत हे वाचलं, तेव्हा मला ती गाठच आठवली.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली आहे. इंग्रजीतला ‘बंदाना’ हा रुमाल आपल्याकडच्या बांधून रंगवण्याच्या, म्हणजे बांधणीच्या कापडावरून गेला. कमरपट्ट्याला इंग्रज ‘कमरबंड’ म्हणतात तो कमरबंद. आणि ‘बंड’ म्हणजे बांध. शांघायच्या नदीकाठाला ‘द बंड’ म्हणतात, तो शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून नेला. पुण्यातल्या बंड गार्डनचं नाव ऐकून तिथे कधीकाळी बंड झालं असेल असं लहानपणी मला वाटायचं. ते नाव मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याचं आहे.

-बाउंड आणि -बद्ध

इंग्रजीत नामाला ‘-बाउंड’ जोडतात तसं आपण ‘-बद्ध’ जोडतो. ‘बद्ध’ हे ‘बन्ध्’चं तेच रूप आहे जे ‘बाइंड’चं ‘बाउंड’. वचनबद्ध, करारबद्ध, विवाहबद्ध, वृत्तबद्ध. वर्तमानपत्रात ‘सराईत गुन्हेगार एमपीडीए कायद्याखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध’ अशी बातमी असते (एमपीडीए म्हणजे धोकादायक गुन्हेगारांना प्रतिबंध म्हणून आधीच अडकवून ठेवण्याचा महाराष्ट्राचा कायदा), तिथल्या ‘स्थानबद्ध’ची बांधणीसुद्धा अगदी इंग्रजी ‘-बाउंड’सारखी आहे.

मात्र म्हणून प्रत्येक ‘-बाउंड’ला ‘-बद्ध’ लावत सुटू नये. ‘ड्यूटी-बाउंड’चं ‘कर्तव्यबद्ध’ केलं की वाक्य सरकारी होतं. बोलताना आपण ‘करणं भाग आहे’ म्हणतो किंवा ‘मी बांधील आहे’ म्हणतो. ‘बांधील’ हा फार चांगला शब्द आहे, त्यात दोरी दिसत नाही पण तिचा ताण जाणवतो. ‘आय ॲम बाउंड टू से’ याला ‘मला सांगणं भाग आहे’ हेच मराठी. ‘स्पेलबाउंड’ म्हणजे मंत्राने बांधलेला, पण आपण ‘भारलेला’ म्हणतो. ‘फॉगबाउंड’ म्हणजे धुक्यामुळे अडकून पडलेला, ‘स्नोबाउंड’ म्हणजे बर्फात अडकलेला. ‘लेदर-बाउंड’ पुस्तकाला तर भाषांतरच नको, आपल्याकडे पुस्तकाची बांधणीच असते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला म्हणून घेऊन जा, विचारतील, ‘कापडी बांधणी करू का?’

यातला मला सगळ्यांत भावलेला ‘हाइडबाउंड’. हा मूळचा गोठ्यातला शब्द. चारापाण्याविना जनावर खंगलं की त्याची कातडी फासळ्यांना चिकटते, चिमटीत धरून ओढली तरी सुटत नाही. अशा गाईला सोळाव्या शतकातले इंग्रज शेतकरी ‘हाइडबाउंड’ म्हणत, स्वतःच्याच कातड्यात बांधली गेलेली. पुढे हा शब्द माणसांना लागला, जुन्या चौकटी अंगाला चिकटून बसलेल्या आणि हलता न येणाऱ्या माणसांना. दुष्काळात दावणीची जनावरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या शब्दाला वेगळा अर्थ सांगावा लागत नाही.

सोलापूरच्या गाड्या तूर्त बाजूला ठेवल्या, तर इथवरच्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ‘-बाउंड’च्या आधी जो शब्द येतो, तोच बांधणारा असतो: धुकं, बर्फ, कर्तव्य, मंत्र, कातडं. म्हणून शब्द दिसला की मी मुलांना विचारायला लावते, ‘कशाने बांधलं?’ उत्तर जमलं तर अर्थ सापडला.

पण हेच नीट विचारल्यावर एक शब्द माझ्या हातून कायमचा सुटला. ‘व्हीलचेअर-बाउंड’. कशाने बांधलं? खुर्चीने. पूर्वी मी याचं ‘चाकाच्या खुर्चीला खिळलेली’ असं भाषांतर करत असे आणि त्यात काही गैर आहे असं मनातही आलं नव्हतं. आमच्या वर्गात एक मुलगी व्हीलचेअर वापरते. हा शब्द वाचनात आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "खुर्चीने मला कुठे बांधलंय ताई? खुर्ची नव्हती तेव्हा मी घरात बांधलेली होते." इंग्रजीतही आता जाणती वर्तमानपत्रं हा शब्द टाळतात आणि ‘व्हीलचेअर वापरणारी’ असंच लिहितात. तिच्या दोन वाक्यांनी मला जे कळलं ते एवढ्या वर्षांच्या कामात कळलं नव्हतं.

आणखी एक शब्द यालाच लागून येतो, ‘रिस्ट्रेन्ड’. शब्दकोशात दोघांच्याही समोर ‘जखडलेला’ मिळेल. पण ‘रिस्ट्रेन’ लॅटिनमधून आला आहे आणि त्याचा मूळ भाव ‘मागे आवळून धरणे’ असा आहे. ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘स्ट्रिंजंट’ त्याचे भाऊबंद. घोड्याचा लगाम खेचावा तसं ते धरणं असतं, म्हणून ते स्वतःचं स्वतःलाही करता येतं आणि त्याचं कौतुकही होतं. ‘रिस्ट्रेन्ड’ अभिनय म्हणजे संयत अभिनय. ‘बाउंड’ अभिनय असं कुणी म्हणणार नाही.

कायद्यात तर ही छटा फार जपून वापरली आहे. १८६० च्या दंड संहितेपासून ‘राँगफुल रिस्ट्रेंट’ आणि ‘राँगफुल कन्फाइनमेंट’ हे दोन वेगळे गुन्हे आहेत. मराठीत त्यांना गैरनिरोध आणि गैरपरिरोध म्हणतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते १२६ आणि १२७ या कलमांत आहेत. तुमच्या हक्काच्या वाटेवर कुणी आडवा उभा राहिला आणि तुम्हाला त्या दिशेने जाऊ दिलं नाही, तर तो गैरनिरोध. बाकीच्या दिशा मोकळ्या आहेत, पण हवी ती अडवली आहे. चारी बाजूंनी कोंडलं, बाहेर पडायला वाटच ठेवली नाही, तर गैरपरिरोध. अंगाला दोरी लावलेली नसली तरी दोन्ही गुन्हे पूर्ण होतात.

पत्रातली ती ओळ

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येते, कारण अशी पत्रं आज घरोघरी येतात आणि त्यावर सह्या करणारी मुलं वीस-बावीस वर्षांची असतात.

‘बाउंड टू’च्या पुढे क्रियापद आलं की अर्थ दोन होतात. माणसाला नियम, करार किंवा शपथ लागू असेल तर ‘करायला बांधील’. अशी कुठलीच गाठ दिसत नसेल तर ‘होणारच’. पावसाशी कुणी करार केलेला नसतो, म्हणून ‘बाउंड टू रेन’ म्हणजे पडणारच. नेमणूकपत्र हा करारच आहे, म्हणून ‘बाउंड टू सर्व्ह’ म्हणजे नोकरी करायला बांधील. कुणी बांधलं हे शब्दाच्या बाहेर, कागदाच्या मथळ्यात लिहिलेलं असतं. ‘बाउंड बाय’ आलं तर प्रश्नच मिटतो, बांधणारा पुढेच हजर असतो: ‘बाउंड बाय द रूल्स’, नियमांनी बांधलेला. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदात सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर ‘बाइंडिंग’ आहे असं म्हटलंय. तिथलं मराठी ‘बंधनकारक’.

अशा करारालाच आपण ‘बाँड’ म्हणतो. तोही ‘बाइंड’च्याच घरातला. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेली मुलं एक वर्षाची ‘बंधपत्रित सेवा’ करतात, त्यातलं बंधपत्र म्हणजे हाच बाँड. पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात लिहून दिला जाणारा जातमुचलका हाही बाँड. शांतता राखण्याची लेखी हमी घेऊन एखाद्याला सोडतात तेव्हा इंग्रजीत ‘बाउंड ओव्हर’ म्हणतात.

पण या कागदाने माणूस किती बांधला जातो? खाजगी नोकरीचा बाँड मोडला तर कंपनीला न्यायालयामार्फत तुम्हाला धरून आणून खुर्चीवर बसवता येत नाही. ठरलेली वाजवी भरपाई तिला मागता येते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची ३ वर्षं नोकरीची आणि आधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. उलट, नोकरी संपल्यावर ‘तू आता हा धंदाच करायचा नाहीस’ असं लिहून घेतलेलं असेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने ते सर्वसाधारणपणे निरर्थक ठरतं. त्या कलमातले इंग्रजी शब्द ‘रिस्ट्रेंट ऑफ ट्रेड’ असे आहेत. म्हणजे भरपाईची रक्कम हीच खरी गाठ. ती पत्रात कुठे आहे हे शोधायला मी त्या मुलाला सांगितलं. चौथ्या पानावर, बारीक टायपात होती.

आणि एक बांधणं असं आहे की त्यासमोर हे सगळे कागद हलके वाटतात. वीटभट्टीवर किंवा रानात कामाला नेताना कुटुंबाला आधी उचल द्यायची, आणि ती फिटेपर्यंत त्या माणसाला, त्याच्या बायकोला, मुलांना दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. उचल कधी फिटतच नाही, कारण हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. इंग्रजीत याला ‘बाँडेड लेबर’ म्हणतात. मराठीत वेठबिगार. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने त्यावर बंदी घातली, आणि त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी मजकुरातसुद्धा ‘बेगार’ हा आपलाच शब्द वापरावा लागला. १९७६ च्या कायद्याने ही पद्धत गुन्हा ठरली आणि तिच्याखालचं कर्जही रद्द झालं. ‘बाँड’ हा शब्द दोन्हीकडे आहे, पण एकीकडे सही करणारा नोकरी सोडून भरपाई देऊ शकतो, दुसरीकडे सोडून जायची वाटच नसते. भाषांतर करताना दोन्हीला ‘करारबद्ध’ लिहिणाऱ्याने पाप केलं असं मी मानते.

तोंडावळा सारखा, घराणं वेगळं

उरल्या सोलापूरच्या गाड्या.

त्यातला ‘बाउंड’ बांधणारा नाहीच. तो समुद्रावरून आला. आठव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तरेकडचे व्हायकिंग इंग्लंडात उतरले, लुटालूट केली, मग वस्तीही केली. त्यांच्या भाषेत ‘बुआ’ म्हणजे राहणे आणि तयारी करणेही, आणि ‘बुइन्न’ म्हणजे तयार झालेला. सामानसुमान भरून निघायच्या तयारीत असलेलं गलबत डोळ्यांसमोर आणा. इंग्रजीत आधी तो ‘बून’ झाला, मग बांधण्याच्या ‘बाउंड’ची संगत लागून शेवटी ड चिकटला. ‘होमवर्ड बाउंड’ म्हणजे घराकडे निघालेला, ‘सोलापूर-बाउंड’ म्हणजे सोलापूरकडे निघालेली. ‘बाउंड फॉर’च्या पुढे गाव आलं तरी हाच अर्थ. मुंबईच्या वाहतूक पोलिसांच्या मराठी सूचनांत ‘नॉर्थबाउंड’ला ‘उत्तर वाहिनी’ म्हणतात, मला तो शब्द नदीसारखा वाटतो आणि आवडतो.

या ‘बुआ’चं मूळ शोधत गेलं की सापडतो संस्कृतचा ‘भू’ धातू, ‘भवति’मधला, भवन आणि भूमीमधला. म्हणजे इंग्रजीत एकाच वेषात फिरणारे हे दोन शब्द आपल्याकडे ‘बन्ध्’ आणि ‘भू’ असे अगदी वेगळे राहिले आहेत. त्या ‘बुआ’तूनच घर सांभाळून राहणारा तो ‘बोंडी’, आणि ‘हाउस’ला जोडून ‘हजबंड’. गुलामगिरीचा ‘बाँडेज’सुद्धा याच बोंडीपासून निघाला. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर हा घरधनी शेतकरी जमीनदाराच्या ताब्यातलं कूळ होऊन बसला, त्याचं नाव घसरत गेलं, आणि शेजारच्या ‘बाँड’च्या ओढीने लोकांना त्यात साखळदंड दिसू लागले.

उडी मारणारा ‘बाउंड’ तिसरा. तो फ्रेंचांचा, मूळ अर्थ आवाज घुमणे, आणि ‘रिबाउंड’ त्याचाच. ‘बाय लीप्स अँड बाउंड्स’ म्हणजे झपाट्याने. त्याचा सीमेशी संबंध नाही, मुलं तो लावतात.

सीमेचा ‘बाउंड’ चौथा, क्रिकेटची बाउंडरी आणि ‘आउट ऑफ बाउंड्स’ची पाटी यातला. नकाशे नव्हते तेव्हा इंग्लंडच्या खेड्यांत वर्षातून एकदा पोरांना घेऊन गावाच्या हद्दीवरून फेरी काढत, हद्दीच्या दगडांवर विलोच्या छड्या मारत, कधी पोरांनाही त्या दगडावर आपटत, म्हणजे दगड जन्मभर लक्षात राहील. आपल्याकडे शिवेचा दगड असतोच, दसऱ्याला सीमोल्लंघन असतं, आणि मुंबईच्या जुन्या बेटाची हद्द जिथे संपत होती त्या जागेला आजही शीव म्हणतात. या ‘बाउंड’चा आणि उडीवाल्याचा भूतकाळ ‘बाउंडेड’ होतो. त्यामुळे ‘अनबाउंड’ म्हणजे गाठ सोडलेला, आणि ‘अनबाउंडेड’ म्हणजे हद्द नसलेला.

बांधलेला आणि निघालेला, हे दोघे कधी कधी एकाच शब्दात समोरासमोर येतात. ‘अर्थबाउंड’ उल्का म्हणजे पृथ्वीकडे निघालेली. ‘अर्थबाउंड’ पक्षी म्हणजे उडता न येणारा, जमिनीला बांधलेला. अशा वेळी आजूबाजूचं वाक्य पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

माझ्या एका मैत्रिणीचे वडील न्यू जर्सीत तिच्याकडे असतात. वय ८४, गुडघे गेलेले. घरी येऊन तपासणारी नर्स मिळावी म्हणून तिने अर्ज केला होता. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतून ही सेवा मिळायची तर माणूस ‘होमबाउंड’ असावा लागतो, म्हणजे मोठ्या कष्टाशिवाय घराबाहेर पडू न शकणारा. पहिल्या भेटीत नर्सने फॉर्म उघडून त्यांना विचारलं, "आर यू होमबाउंड?"

काकांचे डोळे चमकले. ते म्हणाले, "येस, येस. आफ्टर दिवाळी. सांगली."

नर्सने प्रवासाची नोंद केली. प्रवास करू शकणारा माणूस ‘होमबाउंड’ कसा, असं म्हणत अर्ज परत आला. मैत्रिणीला तीनदा फोन करून समजावून सांगावं लागलं की तिकीट काढलेलं नाही, काढता येण्यासारखी तब्येतही नाही, दिवाळीनंतर सांगलीला जायचं हे ते गेली चार वर्षं म्हणताहेत. दुसऱ्या भेटीला नर्स आली तेव्हा तिने काकांशेजारी बसून त्यांना प्रश्नाचा अर्थ नीट समजावला. काकांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि "ॲज यू से" म्हणाले. नर्सने ‘हो’वर खूण केली.